बेबीनंदाचा कुठंही चालणारा प्रोग्राम

बेबीनंदा हट्टी होती. तिच्या गावात, टेंभुर्णीत, हे सगळ्यांना माहीत होतं, जालन्याला कळायला जरा वेळ लागला. १९८१ साली पुंजाराम गुरुजींनी आपल्या या लेकीला पहिलीत घातलं आणि त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीचा ऐन परीक्षेआधी उजवा हात मोडला. झालं! बेबीनंदा घरी येऊन डाव्या हातानं बाराखडी गिरवायला बसली. आई सगुणाबाईंनी विचारलं, “हे काय नवीन खूळ?” तर म्हणे, “उजवा मोडला तर मंग?” वर्षभरात ती दोन्ही हातांनी लिहायला लागली. दोन्ही हातांचं अक्षर सारखंच वाईट होतं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती १९९६ साली जालन्याच्या ‘रानमाया सीड्स’मध्ये लागली. कापूस, बाजरी, ज्वारीचं संकरित बियाणं तयार करायचं आणि गावोगावच्या दुकानदारांना द्यायचं, हा कंपनीचा धंदा. मालक भुजंगराव, पांढरा शर्ट, मोठा आवाज आणि त्याहून मोठा धीर. कंपनीत तेव्हा एकच कॉम्प्युटर होता आणि त्यात कुणा बाहेरच्या माणसानं लिहून दिलेला एक प्रोग्राम. पुढच्याच उन्हाळ्यात ते मशीन बंद पडलं. नवीन आणलं, तर जुना प्रोग्राम त्यावर उघडेना, त्यातली माहिती वाचता येईना, आणि लिहून देणारा माणूस तर कधीच दुबईला निघून गेला होता.

मग सगळ्या दुकानदारांची नावं, पत्ते, खाती, गोदामातला माल, सगळं कागदांवरून पुन्हा टाइप करायचं काम दोघांच्या गळ्यात पडलं. एक बेबीनंदा आणि दुसरा संपत. संपत जाफराबादचा, मशीनं सांभाळणारा, खिशात कायम पेचकस आणि तोंडात कायम थट्टा. अख्खा उन्हाळा दोघं टाइप करत होते. बोटं दुखली, डोळे लाल झाले, आणि एका दुपारी बेबीनंदानं कीबोर्ड बाजूला ढकलला.

“संपतभाऊ, मी लिहीन ना प्रोग्राम, तर असा लिहीन की मशीन बदलू द्या, डेटाबेस बदलू द्या, कुठंबी चालंल. हे काम जिंदगीत पुन्हा न्हाई करायचं.”

“आधी लिहून तं दाखव,” संपत म्हणाला.

लिहून दाखवायला बाईला चांगली पाच-सहा वर्षं लागली, पण तिनं लिहिला. रविवारी एसटीनं औरंगाबादला जाऊन प्रोग्राम लिहायची नवी भाषा शिकली, बसमध्ये जाड जाड पुस्तकं वाचली, शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर पेंगली. तोवर कंपनीही वाढली होती. ऑफिसात एक काचेची खोली झाली आणि त्यात सर्व्हर नावाचं मोठं महागडं मशीन आलं. त्यात डेटाबेस, म्हणजे कंपनीची सगळी माहिती नीट लावून ठेवणारं कोठार. टेबलाटेबलांवरच्या साध्या कॉम्प्युटरांनी मागायचं आणि सर्व्हरनं द्यायचं, असा कारभार. हा सगळा कारभार हाकणारा प्रोग्राम बेबीनंदाचा.

आता त्या महागड्या डेटाबेसमध्ये स्वतःच्या खास सोयी पुष्कळ होत्या. काम झटक्यात व्हायचं, पण त्या सोयी त्याच डेटाबेसमध्ये. दुसऱ्यात त्यांचं नावही नाही. बेबीनंदानं एकीलाही हात लावला नाही. दोन तारखांमधलं अंतरसुद्धा तिनं डेटाबेसला विचारलं नाही, आपल्या प्रोग्राममध्ये स्वतः मोजलं. संपतला हे बघवत नसे.

“अगं बाई, घरात फ्रिज हाय आन् तू माठच वापरून राह्यली!”

“उद्या फ्रिज न्हाई राह्यला तर?”

“मंग उद्याचं उद्या बघू की! आज तं गार पाणी पिऊ दे!”

पण एक दिवस असा आला की संपतनंही तोंडात बोट घातलं. त्यानं सुटे भाग जोडून एक स्वस्तातलं मशीन तयार केलं होतं आणि त्यात फुकट मिळणारा एक वेगळाच डेटाबेस टाकला होता. बेबीनंदानं आपला प्रोग्राम तिथं नेला, डेटाबेस कुठं आहे ते सांगणारी पत्त्याची एक ओळ बदलली आणि बटण दाबलं. पडद्यावर अंबडच्या दुकानदाराचं खातं जसंच्या तसं उभं! बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही. बेबीनंदा खुर्चीवरून उठली आणि चक्क नाचली. अकाउंटवाले काचेतून बघत राहिले. आता ही बाई कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, हे संपतच्या तेव्हाच लक्षात आलं.

ऐकायची पाळी मात्र लवकरच आली. २००३ च्या उन्हाळ्यात भुजंगरावांच्या जावयानं पुण्याच्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर बघून ठेवलं. भुजंगरावांनी बेबीनंदाला बोलावून सरळ सांगितलं, “हे बघ, यंदा आखाजीच्या पावत्या पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर काढायच्या. तुझं चाललं तं तुझं ठेवू. न्हाई चाललं तं पुण्याचं घेऊ, आन् तुझा विभाग बंद. तुला बिलं टाइप कराया बसवू, नोकरी काही जायची न्हाई.”

नोकरी जाणार नाही, हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. बेबीनंदाला ते शिवीसारखं लागलं. पुन्हा टाइप करायचं! आणि आपला प्रोग्राम पुसून टाकलेला बघत टाइप करायचं! पण ती घाबरली नाही. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी दुकानदार येतात, हंगामाची पहिली मागणी नोंदवतात, पावती घेतात. दिवसभर येतील, दिवसभर देऊ. तिनं हिशेब केला आणि निश्चिंत झाली.

इथंच तर गोम होती. आखाजीच्या पंधरा दिवस आधी अंबडचे रखमाजी ऑफिसात आले. जुने दुकानदार, डोक्यावर टोपी, बोलणं तोलून. बेबीनंदाच्या टेबलाशी थांबून त्यांनी विचारलं, “ताई, यंदाची घटका किती वाजताची काढली साहेबांनी?”

“कसली घटका?”

“पावतीची! मुहूर्ताची!”

“मामा, तुम्ही कधीबी या. दिवसभर मशीन चालूच हाय.”

रखमाजी हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. “दिवसभर येऊन काय करू? घटकेतच पावती हातात पडली पाहिजे. सगळेच घटकेला येतेत.”

बेबीनंदा सटपटली. ती संपतकडं धावली. तो कसलीशी वायर सोलत होता.

“संपतभाऊ, आखाजीला सगळे दुकानदार एकदमच येतेत?”

“मंग? मुहूर्त असतो ना तासाभराचा.”

“तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई!”

संपतच्या हातातली वायर खाली पडली. “अगं, हे काय सांगायची गोष्ट हाय? जगाला माहीत हाय!”

जगाला होतं, बेबीनंदाला नव्हतं. टेंभुर्णीच्या त्यांच्या बौद्ध घरात पुंजाराम गुरुजींनी आयुष्यात कधी मुहूर्त पाहिला नव्हता. घराची पायाभरणी त्यांनी सुट्टी होती म्हणून रविवारी केली आणि मोठ्या लेकीचं लग्न हॉल मिळाला त्या दिवशी लावलं. ऑफिसात म्हणाल, तर आखाजीला कॉम्प्युटर विभागाला दर साली सुट्टी. हातानं लिहिलेल्या पावत्यांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर यायचा. त्या पावत्यांवर तारीख असे, वेळ कुणीच लिहीत नसे. तिला घटका कळणार कुठून? आणि संपतच्या घरी तर म्हैस विकत आणायची तरी पंचांग उघडत, त्यामुळं असं काही सांगावं लागतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. दोन शहाणी माणसं शेजारी शेजारी बसून सहा वर्षं काम करत होती आणि नेमकं हेच बोलायचं राहून गेलं होतं.

“चाचणी घेऊ,” बेबीनंदा म्हणाली.

ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरपुढं एकेक माणूस बसवला. चहावाल्याचं ताट आणून संपतनं ते दणकन वाजवलं आणि सगळ्यांनी एकदम पावतीचं बटण दाबलं. एक पावती आली. मग शांतता. मग बऱ्याच वेळानं दुसरी. टेबलावरची माणसं आधी कुजबुजली, मग हसली, मग चहा मागवून गप्पा मारत बसली.

अडत होतं कुठं, हे बेबीनंदाला लगेच कळलं. दुकानदारानं बियाणं मागितलं की प्रोग्रामनं बघायचं, कुठला माल उगवणीच्या चाचणीत पास झाला आहे, त्यातला जुना कुठला, कोणत्या गोदामात किती शिल्लक आहे. शिवाय तीच पिशवी दोघांना जाता कामा नये. डेटाबेसच्या खास सोयी वापरल्या असत्या, तर कोठारातल्या कोठारात हे वाटप झटक्यात झालं असतं. पण कुठंही चालायला हवं म्हणून तिचा प्रोग्राम दर वेळी सगळी यादी कोठारातून बाहेर आणायचा, आपल्यापुढं पसरायचा, निवडायचा आणि परत आत नेऊन ठेवायचा. तोवर बाकीच्यांनी ताटकळायचं. एकेकटे आले तर कुणाला कळतही नव्हतं. सगळे एकदम आले की खेळ खलास.

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. ती तरातरा बाहेर पडली आणि गोदामात जाऊन पोत्यांच्या सावलीत उभी राहिली. हमाल गाडी भरत होते. रानमायाचं एक वाण हलक्या-भारी कुठल्याही जमिनीत यायचं आणि बेताचं पीक द्यायचं. दुसरं फक्त काळ्या भारी रानात, पण तिथं असं जोमानं यायचं की बघत राहावं. कंपनी दोन्ही विकत होती. फक्त एकाची पिशवी दुसऱ्याच्या थप्पीत जाऊ नये, म्हणून दोन्हींच्या थप्प्या लांब लांब लावल्या होत्या. हमालांचा मुकादम कुणावर तरी खेकसला, “आरं, त्या काळ्या रानाच्या थप्पीला हात लावू नको, ती तिथंच ऱ्हाऊ दे!”

बेबीनंदानं लांब लांब लावलेल्या त्या दोन थप्प्यांकडं बघितलं आणि पदर खोचून धावत सुटली.

“संपतभाऊ! संपतभाऊ, फ्रिज लावायचा!”

“काय?”

“फ्रिज लावायचा, पण एकाच कोपऱ्यात! वाटपाचं तेवढं काम ह्या डेटाबेसच्या खास भाषेत लिहू, एकाच जागी. बाकी सगळ्या प्रोग्रामनं नुसतं म्हणायचं, माल वाटून दे. कोण वाटतंय, कसं वाटतंय, त्याला काय करायचं? आन् माझी जुनी हळू पद्धत तिथंच बाजूला ठेवू. फ्रिज बंद पडला की माठ!”

संपतनं पेचकस टेबलावर आपटला. “हे मी दोन वर्षं झाली सांगून राह्यलो!”

“तुम्ही म्हणत होते, सगळीकडं फ्रिज लावा. सगळीकडं लावला असता तर उद्या घर बदलता आलं नसतं.”

“आन् तू म्हणत होती, कुठंच नको.”

“हो, मी चुकत होते,” ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकून संपतनं आजूबाजूला बघितलं, कुणी साक्षीदार आहे का म्हणून.

पुढचे दिवस कसे गेले, दोघांनाही कळलं नाही. ती लिहायची, तो तपासायचा, दोघं भांडायचे. शेवटी पुन्हा ताट वाजलं, पुन्हा सगळ्यांनी एकदम बटणं दाबली, आणि ऑफिसातले सगळे प्रिंटर एकदम खडखडले! माणसं खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. आता येऊ द्या आखाजी, असं बेबीनंदाला झालं.

आखाजी आली. सकाळपासून अंगणात मांडव, मांडवात खुर्च्या, मागं आमरसाची पातेली. जाफराबादचे, अंबडचे, पार बुलढाण्या-परभणीचे दुकानदार धुतलेल्या कपड्यांत हजर. घटका साडेदहाची. भुजंगराव पूजेला बसले. आणि काचेच्या खोलीतून फट्ट असा आवाज आला.

यूपीएस जळाला होता आणि जाता जाता सर्व्हरलाही घेऊन गेला होता. संपतनं झाकण उघडलं, वास घेतला आणि मान हलवली. “गेलं. आज न्हाई उठणार हे.”

जावई दारात येऊन उभा होता.

बेबीनंदानं एकदा जळक्या सर्व्हरकडं बघितलं. मग तिच्या अंगात काहीतरी संचारलं. “संपतभाऊ, तुमचं जोडलेलं मशीन!”

“त्याच्यात दुसराच डेटाबेस हाय!”

“असू द्या! आणा!”

कालच्या संध्याकाळपर्यंतची सगळी माहिती तिनं सीडीवर काढून ठेवली होती, तीही डेटाबेसच्या खास पद्धतीनं नाही, साध्या मजकुरात, कुठलंही मशीन वाचील अशी. संपतनं मशीन उचलून आणलं, वायरी जोडल्या, तिनं सीडी घातली. माहिती आत उतरायला लागली. बाहेर भटजींचे मंत्र वाढत होते. उतरली! तिनं पत्त्याची ओळ बदलली. वाटपासाठी जलद तुकडा इथं नव्हताच, म्हणून जुनी हळू पद्धत जोडली आणि बटण दाबलं.

पावती आली.

“चालू झालं! साहेब, चालू झालं!” संपत खिडकीतून ओरडला.

घटका लागली आणि दुकानदार टेबलांवर तुटून पडले. पावत्या निघत होत्या, पण एकेक, रेंगाळत. माठाचं पाणी, पेल्या-पेल्यानं! रांग मांडवाच्या बाहेर गेली. रखमाजी मान उंचावून घड्याळ बघत होते. भुजंगराव पुढं आले, कपाळावर कुंकू आणि कुंकवाखाली आठ्या. “बेबीनंदा, घटकेत होणार का सगळ्यांचं?”

“होईल साहेब. मला थोडा वेळ द्या आन् माझ्याशी बोलू नका.”

मालकाला असं बोललेलं ऑफिसात कुणी कधी ऐकलं नव्हतं. भुजंगराव वळले आणि स्वतः मांडवात जाऊन लोकांना आमरस वाढायला लागले. बेबीनंदा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरशी बसली. वाटपाचा तेवढा एक तुकडा या फुकट्या डेटाबेसच्या भाषेत नव्यानं लिहायचा होता. तेवढाच! बाकी हजारो ओळींना धक्का नाही, बाकी सगळं तिच्या पाठीमागं चालूच होतं, हळू का होईना. ती लिहीत सुटली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं, आणि संपत तिच्या खुर्चीमागं उभा राहून तिच्याऐवजी आपली नखं खात होता. तिसऱ्यांदा तुकडा बसला. एका पावतीवर तपासला, माल बरोबर वजा झाला होता.

“जोडू?” तिनं विचारलं.

“चालू गाडीचं चाक बदलून राह्यली तू!”

“जोडू का न्हाई?”

“जोड!”

तिनं जोडला. अर्धा क्षण काहीच झालं नाही. आणि मग एक प्रिंटर, दुसरा, तिसरा, सगळे! खडखडाट असा उठला की मांडवातल्या लोकांनी वाट्या खाली ठेवल्या. पावत्या फाडायला माणसं पुरेनात. दुकानदार हसत होते, पावत्या कपाळाला लावत होते, रखमाजी आपली पावती वर धरून दाखवत होते, आणि भुजंगराव हातात आमरसाचा डाव तसाच घेऊन ऑफिसात आले. डावातून रस जमिनीवर ठिबकत होता.

“आजून घटका हाय,” ते म्हणाले, जणू स्वतःलाच सांगत होते. मग जावयाकडं वळून मोठ्या आवाजात म्हणाले, “पुण्याला फोन लाव. म्हणावं, लागणार न्हाई.”

बेबीनंदाला ओरडावंसं वाटत होतं. तिनं संपतचा हात असा दाबला की तो कळवळला. एवढ्या आनंदात माणसानं काय वाट्टेल ते कबूल केलं असतं, आणि नेमकं तेव्हाच भुजंगरावांनी विचारलं, “आन् निजामाबादच्या नव्या प्लांटात तिसरंच मशीन घेतलंय. तुझं हे तिथं चालंल का?”

सगळं ऑफिस ऐकत होतं. कुठंबी चालंल, हे उत्तर तिच्या जिभेवर सहा वर्षांपासून तयार होतं. जावई बघत होता, संपत मान हलवून हो म्हणायची खूण करत होता.

“तसंच्या तसं न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “चालंल, पण मघाशी पाहिलं तसं रांगत चालंल. धावायचं असंल तं एक तुकडा मला तिथं बसून, तिथल्या मशीनसाठी लिहावा लागंल.”

भुजंगरावांनी तिच्याकडं नीट बघितलं. हो म्हणणारी माणसं त्यांना रोज भेटत होती. “म्हंजे तुला जावं लागंल.”

“हो.”

“संपतला सोडता येणार न्हाई. जळालेलं मशीन त्याच्याच गळ्यात हाय.”

“एकटी जाईन.”

औरंगाबादच्या पलीकडं ती कधी एकटी गेली नव्हती. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. आणि तरी तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की भुजंगरावांनाही हसू फुटलं.

“कधी निघतीस?”

बेबीनंदानं खिडकीतून रांगेकडं बघितलं. शेवटची पाच-दहा माणसं राहिली होती.

“एवढी रांग संपू द्या,” ती म्हणाली. “रात्रीची गाडी हाय.”